बापूंच्या पडीताचा भाव किती?

प्रश्न : नाना, नमस्कार. अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या शिवारात माझं साडेचार एकर वावर आहे, विहिरीसकट. रस्ता आणि माझं वावर यांच्या मधे शेजारच्या बापूंची जमीन लागते. बापू सतरा-अठरा वर्षांपासून सुरतेत, उधन्याला लूमवर कामाला आहेत. त्यांचे वडील होते तोवर ते कसायचे. ते गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून जमीन पडीत आहे. वेडी बाभूळ माजलीय. रानडुकरं दिवसा तिथं दडतात आणि रात्री माझ्या मक्यात उतरतात. पाऊस रेंगाळला की माझ्या वावरापर्यंत गाडी जात नाही, वेचलेला कापूस डोक्यावर रस्त्याला आणावा लागतो.

मला ही जमीन घ्यायची आहे. दलाल एकरी १५ लाख सांगतो : रस्त्याला लागून आहे, पाडळशाच्या धरणाचं पाणी येणार आहे. मुलगा म्हणतो, पडीत जमिनीला ७ च्या वर एक रुपया द्यायचा नाही. रेडी रेकनर ६ लाखांच्याही खाली दाखवतो. दोन वर्षांत शिवारात तीन सौदे झाले : एक साडेनऊ, एक दहा आणि एक साडेतेरा. शेवटचा घेणारा महामार्गात गेलेल्या जमिनीचा पैसा घेऊन आला होता. नफ्याने, म्हणजे वर्षाच्या खंडाने, जमीन आमच्याकडे एकरी १२ हजारांनी जाते. दिवाळीत बापूंना फोनवर विचारलं, तर ‘माले वावर इकनं नही शे’ (मला वावर विकायचं नाही) म्हणाले आणि विषय बदलला. तीन पिढ्यांचा शेजार आहे. फसवायचं नाही, फसायचंही नाही. रास्त भाव कसा काढू? सातबाऱ्याची नक्कल जोडली आहे.
– एक शेतकरी, ता. अमळनेर

उत्तर : भाऊ, नक्कल जोडलीत हे फार बरं केलंत. पत्रात न आलेलं बरंच काही तिच्यात सापडलं. पण आधी भावाचं बघू.

तुमच्या मुलाच्या सात लाखांपासून सुरू करतो, कारण मोजणी खात्यातल्या ३४ वर्षांत हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली. शिवारात साधी जिरायत दहाच्या आसपास जाते आणि तो सात म्हणतो, म्हणजे पडीतपणाची किंमत त्याने एकरी तीन लाख लावली. नकलेवर जमीन तीन एकरांच्या आसपास आहे, म्हणजे नऊ लाख. आता खरा खर्च मांडा. जेसीबीला वीस तास धरा, तासाला १२०० प्रमाणे २४ हजार. मग खोल नांगरट, मुळ्या वेचणं, रोटाव्हेटर, फुटलेला बांध घालणं. हात सैल सोडून धरलं तरी सगळं मिळून साठ-पासष्ट हजार, म्हणजे एकराला २०-२२ हजार. भावातून वजा करायचं ते एवढंच. बाभळी जमिनीवर उगवल्यात, जमीन त्यांनी खाल्लेली नाही. उलट सहा वर्षं विसावलेल्या काळ्या रानात पहिल्या वर्षी कापूस कसा येतो, ते तुमच्या वडिलांनी नक्की पाहिलं असेल. कुंदा आणि हरळी ही चिवट तणं मात्र बघून घ्या. कुंदा खोल गेला असेल तर दोन उन्हाळे जातील, त्याचे पैसे वेगळे मागा. दोन-तीन ठिकाणी कमरेएवढा खड्डा घ्या. खाली मुरूम लागतो की क्षारट चोपण, ते वरून दिसत नाही.

आता दलालाचे पंधरा. पाडळशाचं पाणी मी नोकरीत होतो तेव्हापासून येतं आहे. त्या पाण्यावर कितीतरी वावरं चढ्या भावाने विकली गेलेली मी माझ्या फलकयंत्रावर मोजली. ज्या पाण्याची चारी वावरापर्यंत आलेली नाही, त्याला भावात जागा नाही. साडेतेराचा सौदाही बाजूला ठेवा. भूसंपादनाचा मोबदला २०१३ च्या कायद्याने बाजारभावाच्या पटीत मिळतो, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. असा पैसा हातात आलेल्या माणसाला जमीन लवकर हवी असते, तो घासाघीस करत बसत नाही. त्याने दिलेली किंमत म्हणजे त्याची घाई.

रेडी रेकनरला मान द्या, पण तेवढाच. तो सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला किमान दर आहे. त्याला तुमची माती माहीत नाही, विहीर माहीत नाही. उरलेले दोन सौदे मात्र दुय्यम निबंधकांकडे जाऊन सूची २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांच्या नोंदीत, तपासा. तिथले आकडे बहुतेक वेळा पारावरच्या आकड्यांपेक्षा कमी दिसतात. का, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. खरं त्या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. दोन्ही सौद्यांत विहीर होती का, घरातल्याघरात झाला का, कुणाला दवाखान्यापायी विकावं लागलं का, हे विचारल्याशिवाय आकडा पदरात घेऊ नका.

तपासणीत काही वावगं निघालं नाही तर परक्या माणसाला ही जमीन एकरी दहाची, असं धरून चालू. साफसफाई वजा जाता पावणेदहा. (नफ्याच्या हिशेबात अडकू नका. दहा लाखांवर १२ हजार म्हणजे शेकडा सव्वा रुपया. त्यापेक्षा बँक जास्त देते. खान्देशात जमीन पिकासाठी घेणारे थोडे, आणि धरून ठेवणारे फार.)

पण तुम्ही परके नाही आहात, आणि तुमच्या पत्रात नेमकं हेच मांडलेलं नाही. परक्याला तिथं विहीर खणावी लागेल, वीज घ्यावी लागेल. तुमची विहीर बांधापलीकडेच आहे. मधला बांध मोडला की तुमचं साडेसात एकराचं सलग रान होईल. रस्ता मिळेल, डोक्यावरचा कापूस थांबेल, मका वाचेल. म्हणजे तुम्हाला ही जमीन परक्यापेक्षा महाग पडली तरी परवडते. मी तुमची कमाल हद्द बारा धरतो. पंधरा नाही, कारण निव्वळ रस्त्यासाठी तुम्ही अगदीच हतबल नाही : जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागायला तहसीलदाराकडे जाता येतं. शेजाऱ्याशी तसं करा असं मी म्हणत नाही, पण त्या वाटेची किंमत ठरवताना हे लक्षात ठेवा.

तर बापूंना परका पावणेदहा देईल आणि तुम्ही बारापर्यंत जाऊ शकता. ही मधली सव्वादोनची फट कुणाची? तुमचा मुलगा म्हणेल आपली, दलाल म्हणेल बापूंची. मी म्हणतो निम्मी निम्मी, कारण त्यांच्या जमिनीशिवाय आणि तुमच्या विहिरीशिवाय ती फट जन्मलीच नसती. एकरी अकराच्या जवळपास येतं. सातबाऱ्यावर लागवडीलायक १ हेक्टर २१ आर आहे, म्हणजे अर्धा गुंठाभर कमी तीन एकर. त्याचे ३३ लाखांना थोडे कमी. वर ८ आर पोटखराबा, नाल्यात गेलेला. त्याला चौथाई दर द्या, पंचावन्न हजारांच्या आसपास. एकूण साडेतेहतीस लाख.

मात्र हा आकडा बोलू नका. गुंठ्याचा दर बोला, २७,५०० रुपये, आणि मोजणीत जेवढे गुंठे भरतील तेवढ्यांचे पैसे. पारोळ्याकडे दोन भाऊबंदांनी सातबाऱ्यावरच्या आकड्यावर सौदा केला, विसार दिला, पेढेही वाटले. मग मी साखळी टाकली तर सात गुंठे कमी. नाल्याने दरवर्षी थोडं थोडं खाल्लेलं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, तरी त्या दोन घरांचं बोलणं मी बदलून जाईपर्यंत बंद होतं. मोजणीचा अर्ज बापूंच्या बाजूने जावा लागेल, जमीन त्यांची आहे. फी तुम्ही भरा.

अर्धे पैसे रोख, अर्धे कागदावर, अशी वाट दलाल सुचवेलच. घेऊ नका. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणजे मरण बापूंचं. पूर्ण किंमत कागदावर आली की शुल्क थोडं वाढेल, कारण रेडी रेकनर आणि खरेदी किंमत यांत जी जास्त तिच्यावर ते लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांवर जात नाही.

आता नक्कल. वर्ग १ आहे, सुटलो. वर्ग २ असती तर विकायला आधी सरकारी परवानगी, मग बाकीच्या गोष्टी. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा दिसतो, वडिलांच्या नावचा. किती बाकी आहे ते सोसायटीत विचारा आणि ती रक्कम किमतीतून थेट तिकडे भरायचं ठरवा. पण खरी गोष्ट वारसांच्या फेरफारात आहे. तिथं बापू एकटे नाहीत, दोन बहिणींची नावं आहेत. सही तिघांची लागणार. तुमचे ३३ लाख बापूंच्या हिशेबात ११ आहेत. ‘इकनं नही शे’ हे तुम्हाला दिलेलं उत्तर असेलच असं नाही. बहिणींकडे हा विषय काढायचा कसा, हे सुरतेत बसलेल्या भावाला सुचत नसेल.

जमीन सहा वर्षं नफ्याने तरी का दिली नाही, याचाही विचार करा. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आपल्याकडे अजून गेलेली नाही. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, त्याला साठ-सत्तर वर्षं होत आली, तरी पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव बघितलं की माणूस दचकतो. म्हणून ‘दोन वर्षं कसून बघतो, मग घेतो’ असं सुचवू नका. त्याने संशय वाढेल.

फोनवर पुन्हा विचारू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी येतील, बापूही येतीलच. गावात तेव्हा सालदार ठरतात, जुने हिशेब मिटतात, वावराची गोष्ट काढायला तो दिवस वावगा नाही. हा सगळा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहून न्या : साफसफाईचे पैसे, परक्याचा भाव, तुमची हद्द आणि मधली फट निम्मी का केली ते. हो, तुमची हद्दही लिहा. मुलगा नको म्हणेल, त्याला घरीच ठेवा. आणि कागद बापूंच्या नाही, थोरल्या बहिणीच्या हातात द्या.
– नाना