पोर्ट हारकोर्टला तेलक्षेत्रात नोकरी मिळतेय, जावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रायगडातल्या एका रासायनिक कारखान्यात तुम्ही इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहात, नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टहून तेलक्षेत्रातल्या कामाची ऑफर आली आहे, पगार इथल्या तिप्पट आहे, आणि अपहरणाच्या बातम्या वाचून घरच्यांनी धसका घेतलाय. तिथं सुरक्षित राहता येतं का, आणि रोजचं जगणं कसं असतं?

मी पोर्ट हारकोर्टमध्ये आणि नंतर बॉनी बेटावर मेंटेनन्सच्या कामावर होतो. माझं मत विचाराल तर जायला हरकत नाही, पण ऑफर लेटर नीट तपासल्याशिवाय नाही. तिथं तुम्ही किती सुरक्षित असाल हे तिथल्या टोळ्यांपेक्षा त्या कागदावर जास्त अवलंबून असतं.

कारण सांगतो. एजंट म्हणतो, 'अमुक मोठ्या तेल कंपनीत काम आहे.' प्रत्यक्षात ती कंपनी असते सगळ्यात वर. तिच्या खाली मुख्य कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, आणि त्याच्याही खाली नुसती माणसं पुरवणारी फर्म. साइटवर सगळ्यांचं हेल्मेट सारखंच दिसतं. फरक कळतो संध्याकाळी. एक जण एस्कॉर्टच्या गाडीतून तटबंदीच्या कॅम्पमध्ये जातो, तिथं दवाखाना असतो, नर्स रात्रभर असते. दुसरा शहरातल्या भाड्याच्या घरात साध्या गाडीने जातो, आणि रात्री ताप चढला तर कुणाला फोन करायचा हेही त्याला माहीत नसतं. दोघं दिवसभर एकाच व्हॉल्व्हवर काम करत होते. म्हणून कंपनीच्या नावावर भुलू नका. माझी राहण्याची जागा, गाडी, दवाखाना आणि आणीबाणीत देशाबाहेर काढण्याचा खर्च, हे चारही कोणाकडे आहे ते लेखी मागा. ऑफर देणारा यावर टाळाटाळ करत असेल तर पगार कितीही असो, नाही म्हणा.

आता अपहरणाबद्दल. बातम्या खोट्या नाहीत. 2006 पासून मेंड या सशस्त्र संघटनेने परदेशी तेल कामगारांना उचलायला सुरुवात केली. जून 2008 मध्ये तर त्यांनी किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटर आत समुद्रात असलेल्या बोंगा तेलक्षेत्रातल्या जहाजावर हल्ला केला. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष उमारू यारअदुआ यांनी माफीची योजना आणली. शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांना महिन्याचा भत्ता आणि प्रशिक्षण मिळू लागलं, आणि परदेशी माणसांना उचलण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. 2016 मध्ये नायजर डेल्टा अ‍ॅव्हेंजर्स नावाचा गट उभा राहिला, पण त्यांचा रोख माणसांपेक्षा पाइपलाइनींवर होता.

समुद्रावरची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2019 मध्ये बॉनीजवळ नेव्ह कॉन्स्टेलेशन या टँकरवरून 18 भारतीयांना पळवलं. त्याच महिन्यात ड्यूक नावाच्या टँकरवरून आणखी 20 भारतीय नेले, त्यातला एक जण कैदेतच वारला. 2020 मध्ये जगभरात जहाजांवरून पळवलेल्या 135 खलाशांपैकी 130 जण नायजेरियाच्या किनाऱ्यालगतच्या गिनीच्या आखातातले होते. त्यानंतरच्या वर्षांत हे आकडे झपाट्याने उतरले. तुम्ही खलाशी म्हणून जात नाही आहात, तरी घरच्यांनी वाचलेल्या बातम्या बहुतेक याच असणार, म्हणून सांगितलं.

हल्ली जमिनीवर जे उचललं जातं ते बहुतांशी खंडणीसाठी, आणि त्यात स्थानिक लोकच जास्त भरडले जातात: डॉक्टर, व्यापारी, बसमधले प्रवासी. या टोळ्या सोपं सावज शोधतात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने जाणारा, अंधारात गाडी काढणारा, बारमध्ये बसून 'मी अमक्या कंपनीत आहे' असं सांगणारा माणूस त्यांच्या सोयीचा. वॉरी शहराकडे जाणारा ईस्ट-वेस्ट रोड त्यासाठी बदनाम आहे. अंधार पडल्यावर शहराबाहेर जायचं नाही हा नियम कंपनीचा नसला तरी स्वतःसाठी करा.

साइटवर जाणं कसं असतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. पहाटे जेटीवर हजेरी. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या यादीत, नाव, रक्तगट, घरचा फोन. लाइफ जॅकेटचे पट्टे कुणीतरी स्वतः ओढून बघतो, सैल असला तर बोटीत पाऊल ठेवू देत नाही. मग फायबरच्या बोटीत दाटीवाटीने बसायचं, पुढे किंवा मागे नौदलाची गनबोट. शहर संपलं की दोन्ही बाजूंना खारफुटी. पहिल्यांदा बघणारा कोकणातला माणूस खूश होतो, खाडीच वाटते. पण ओहोटीला मुळं उघडी पडली की त्यांच्यावर काळा थर दिसतो, पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग असतो, आणि झाडीतून कुठेतरी धूर वर येत असतो. चोरलेलं कच्चं तेल पिंपांमध्ये उकळून डिझेल काढण्याचा तो उद्योग, तिथं त्याला क्पो-फायर म्हणतात. एप्रिल 2022 मध्ये शेजारच्या इमो राज्यात अशाच एका अड्ड्यावर स्फोट होऊन शंभरावर माणसं गेली. या अड्ड्यांची काजळी शहरात घराघरांत येते. दारं-खिडक्या बंद असल्या तरी सकाळी फरशीवरून पाय फिरवला की तळवा काळा होतो. तुम्हाला दम्याचा त्रास असेल तर हे आधी लक्षात घ्या.

आणि हे समजून घेतल्याशिवाय तिथं कामाला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. नायजेरियातलं पहिलं व्यापारी तेल 1956 मध्ये ओलोइबिरी या गावात सापडलं. त्या पट्ट्यातल्या लोकांच्या वाट्याला काय आलं? मासे मेलेल्या खाड्या आणि रात्रंदिवस जळणारा गॅस. त्याच पट्ट्यातल्या ओगोनी लोकांच्या हक्कांसाठी लढणारे लेखक केन सारो-विवा यांना आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना लष्करी राजवटीने 10 नोव्हेंबर 1995 ला याच पोर्ट हारकोर्टमध्ये फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये ओगोनी भागाचा अहवाल दिला, त्यात एका वस्तीतल्या विहिरींच्या पिण्याच्या पाण्यात कर्करोगाला कारण ठरणारं बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त आढळलं. ती विहीर ज्यांची, त्यांच्याच शेजारी तुमचा प्लांट असणार.

एकदा आमच्या गेटसमोर गावातल्या बायका सकाळपासून ठाण मांडून बसल्या. वयस्क बायका, रंगीत कापडं गुंडाळलेल्या, काही जणींनी बसायला स्टूल आणलेले. मागणी साधी होती, ठरलेल्या नोकऱ्या गावातल्या मुलांना द्या. आत जाणारी एकही गाडी त्यांनी सोडली नाही. सिक्युरिटीवाले बंदुका घेऊन उभे होते, पण ते प्रकरण सोडवलं कम्युनिटी लिएझॉन ऑफिसरने, म्हणजे कंपनी आणि गाव यांच्यात बोलणी करणाऱ्या माणसाने. तोही त्याच भागातला. आधी प्रत्येकीला वाकून नमस्कार, विचारपूस, मग बोलणं. दुपारपर्यंत गेट उघडलं. ज्या प्रकल्पावर हे काम करणारा माणूस चांगला आणि लोकांचे ठरलेले पैसे वेळेवर जातात, तिथं तुम्हाला धोका कमी. मुलाखतीत याबद्दल जरूर विचारा.

आपल्या लोकांबद्दल एक कडवट गोष्ट बोलायला हवी. काही भारतीय सुपरवायझर तिथल्या कामगारांवर ओरडतात, रंगावरून बोलतात, आपण साहेब असल्यासारखे वागतात. हे मुळातच चूक आहे, आणि वर धोक्याचंही आहे. ज्या ड्रायव्हरला तुम्ही काल चारचौघांत अपमानित केलं, तोच उद्या तुम्हाला नाक्यांवरून सुखरूप नेणार असतो. तिथं कामाचं बोलण्याआधी 'गुड मॉर्निंग, घरी सगळे कसे आहेत' हे विचारतातच. ते टाळलं तर उद्धटपणा समजतात. शिवाय स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्या 2010 च्या लोकल कंटेंट कायद्यामुळे तुमच्या हाताखाली एक नायजेरियन माणूस तुमची जागा घेण्यासाठी शिकत असेल. त्याला मोकळेपणाने शिकवा. माझ्या हाताखालचा मुलगा मला बाजारात नेई, भाव करून देई, आणि 'आज त्या बाजूला जाऊ नको' हे कंपनीच्या मेसेजच्या आधी सांगे.

घरचे अपहरणाला घाबरतात, मी मलेरियाला आणि रस्त्याला घाबरा म्हणतो. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपारम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा, काही दिवसांत जीव घेणारा. आपल्या शरीराला त्याची सवय नसते. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, आणि डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या. जुने लोक 'गोळ्यांनी काही होत नाही' म्हणून हसतील, त्यांचं ऐकू नका. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. सगळ्यात घातक वेळ असते सुट्टीची. माणूस घरी येतो, आठवड्याभराने ताप येतो, गावचा डॉक्टर व्हायरल म्हणून औषध देतो. एका कंत्राटदाराकडचा उत्तर प्रदेशातला तरुण मुलगा असाच घरी जाऊन दगावला. सुट्टीवर आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं, 'मी नायजेरियातून आलोय.' बायकोलाही हे सांगून ठेवा, कारण तापात तुम्हाला सुचेलच असं नाही.

यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. ते कार्ड आता आयुष्यभर चालतं, पण हरवलं तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. पासपोर्टमध्येच ठेवा.

रस्त्याबद्दल एवढंच: मागच्या सीटवरही बेल्ट लावा, ड्रायव्हर झोपेत वाटला तर गाडी थांबवायला सांगा. संकोच करू नका.

प्लांटमधलं काम तुम्हाला नवं वाटणार नाही. परमिट, टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक), गॅस डिटेक्टर, असेंब्ली पॉइंट, सगळं ओळखीचं. काम समुद्रातलं असेल तर हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षण लागतं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालं. तुमच्या कंपनीला कुठलं प्रमाणपत्र चालतं ते आधी विचारून मगच पैसे भरा. पोहता येत नसेल तर आजपासून शिकायला लागा.

रोजचं जगणं तसं एकसुरी. कॅम्पात वीज जनरेटरची, बाहेर शहरात लाइट आली की गल्लीत पोरं आनंदाने ओरडतात. पाऊस कोकणासारखा, महिनोन्‌महिने. डिसेंबरपासून हरमॅटन, वाळवंटातून येणारी धूळ. विमानं रद्द होतात, सुट्टीचं तिकीट काढताना एक दिवस हाताशी ठेवा. मोठ्या कॅम्पात भारतीय स्वयंपाकी असतो, डाळ आणि कणीक लागोसहून येते. एलेमे भागात भारतीय वंशाच्या मालकांच्या इंडोरामा कंपनीचा पेट्रोकेमिकल कारखाना आहे, त्यामुळे भारतीय माणसं भेटतात, गणपती-दिवाळीला एकत्र जमतात. बाहेरचं खाणार असाल तर जोलोफ राइस, म्हणजे टोमॅटोत शिजवलेला तिखट भात, आणि तळलेली पिकली केळी आवडतील. शाकाहारी असाल तर सांभाळा, पालेभाजी दिसली तरी तिच्यात सुक्या कोळंबीसारख्या क्रेफिशची पूड जवळपास नक्की असते. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये. आपण भारतात साडेचार तास पुढे, त्यामुळे तुमची शिफ्ट संपेपर्यंत घरी मुलं झोपायला निघालेली असतात. हे सगळ्यात जास्त बोचतं. फोनची वेळ ठरवून घ्या आणि पाळा. एकटेपणातून काही जण दारूकडे वळतात. भिंतींच्या आतल्या कॅम्पात ते फार लवकर होतं, आणि सुरक्षेचे सगळे नियम पहिले तिथंच सुटतात.

पैशांचं दोन ओळींत. पगार डॉलरमध्ये आणि भारतातल्या खात्यात, हे करारात असू द्या. 2023 च्या जूनपूर्वी एका डॉलरला अधिकृत दराने साधारण 460 नायरा मिळत, 2024 मध्ये तो दर 1,500 च्या पुढे गेला. नायरात पगार घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते समजा. 28 दिवस काम, 28 दिवस सुट्टी अशी पाळी असेल तर करासाठी लागणारी 182 दिवसांची मर्यादा अगदी काठावर येते, सीएला तारखा दाखवून ठेवा.

कागदपत्रं: कामासाठी एसटीआर व्हिसा आणि तिथं गेल्यावर सर्पॅक कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा आणि कामाचा परवाना, हे कंपनीनेच करायचं असतं. 'आधी बिझनेस व्हिसावर या, मग बघू' असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका, नोंदणीसाठी घेतला तर पावती घ्या आणि परत मिळेपर्यंत पाठपुरावा करा. पोहोचल्यावर अबुजातल्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा.

आणखी एक. शेलने आपली तिथली जमिनीवरची कंपनी मार्च 2025 मध्ये रेनेसान्स या समूहाला विकली, इतरही काही परदेशी कंपन्यांनी जमिनीवरची क्षेत्रं नायजेरियन कंपन्यांना दिली. म्हणजे पाच वर्षांपूर्वी तिथं होता त्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली व्यवस्था आज तशीच असेल असं नाही. सध्या त्याच साइटवर असलेला एखादा भारतीय शोधा आणि त्याला विचारा: रात्री ताप आला तर तू काय करतोस? त्याने लगेच नंबर, गाडी, दवाखाना सांगितला तर जा. ऑफर लेटरची भाषा कळत नसेल तर नाव आणि रक्कम झाकून इथं खाली टाका, मी वाचून सांगेन.