सोप सेवेला (एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या वेब सेवेला) पाठवलेली विनंती ‘मेसेज एक्स्पायर्ड’ (संदेशाची मुदत संपली) म्हणून परत येते, एक्सएमएल तर स्कीमाप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या रचनेप्रमाणे, बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा चूक एक्सएमएलमध्ये नसते, डब्ल्यूएस-सिक्युरिटी हेडरमधल्या (संदेशाच्या सुरक्षेची माहिती असलेल्या भागातल्या) टाइमस्टॅम्पची वेळ समोरच्या सर्व्हरच्या घड्याळाशी जुळत नसते. जावा सर्व्हरवर सर्रास वापरली जाणारी अपाची डब्ल्यूएसएसफोरजे लायब्ररी मूळ सेटिंगनुसार ‘क्रिएटेड’ (टाइमस्टॅम्प तयार झाल्याची) वेळ ३०० सेकंदांपर्यंत जुनी चालवून घेते, पण पुढची फक्त ६० सेकंदांपर्यंत. म्हणून तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तर विनंती निभावते, दोन मिनिटं पुढे असलं की फेटाळली जाते. एकाच कोडचा एका मशीनवर चालून दुसऱ्यावर अडण्याचा प्रकार इथूनच येतो.

आधी हे बघा:
- भारतीय वेळ लिहून शेवटी ‘झेड’ लावलाय का? ‘झेड’ म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. दुपारचे १४:३० तसेच गेले, तर विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरते. खरी नोंद ०९:०० हवी.
- दोन्ही सर्व्हर एनटीपीशी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेशी) जोडलेले आहेत का?
- विनंती रांगेत थांबते का? टाइमस्टॅम्प रांगेत टाकताना नको, प्रत्यक्ष पाठवताना लावा. पुन्हा पाठवताना तर नवीनच हवा, आणि डिजिटल सही त्यानंतर. सही झालेल्या टाइमस्टॅम्पमध्ये वेळ हाताने बदलली की सहीच अवैध ठरते.

समोरच्यांना मुदत वाढवायला सांगणं हा शेवटचा उपाय ठेवा, कारण तेवढा वेळ पकडलेली विनंती कुणी पुन्हा पाठवू शकतो. उत्तरात नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक कोड) किंवा सही तपासणीचा उल्लेख असेल, तर मात्र कारण वेगळं आहे.