वेढ्यात असताना घेतलेलं शेत

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. नोकरीचे नकार, घरातलं आजारपण, मंडळीत (आपल्या चर्चमध्ये) पडलेली फूट, सगळं तू सविस्तर लिहिलंस. पण खरी बोच अगदी शेवटी आली: 'मला आशाच वाटत नाही, म्हणजे माझा विश्वास कच्चा का?' मी त्या प्रश्नापुरतंच लिहितो. बाकीच्या गोष्टींवर माझ्याकडे उपाय नाही, आणि उपाय असल्याचा आव आणणारी माणसं तुला एव्हाना भरपूर भेटली असतील.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९व्या अध्यायातलं ११वं वचन तुला कोणी ना कोणी पाठवलं असणारच. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते आशा देणारे आहेत. वचन सुंदरच आहे. पण ते भिंतीवर लावणारे त्याच्या आधीचं १०वं वचन सहसा लावत नाहीत. तिथे ७० वर्षं लिहिली आहेत. यरुशलेमेहून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, बंदिवान करून नेलेल्यांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे. तो सांगतो, घरं बांधून राहा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते पत्र ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. वचन त्यामुळे खोटं पडलं नाही, पण ते कोणाच्या सोयीने धावलंही नाही.

२८व्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा भेटतो. त्याने मंदिरात सर्वांदेखत जाहीर केलं की बाबेलच्या राजाने लुटून नेलेली मंदिराची पात्रं दोन वर्षांच्या आत परत येतील, माणसंही परत येतील. लोकांना हवं तेच त्याने दिलं. मला यात सगळ्यात जास्त भावतं ते यिर्मयाचं पहिलं उत्तर: आमेन, परमेश्वर तसं करो! त्याला वाईट बातमीची हौस नव्हती. फक्त देवाने न दिलेली मुदत तो आपल्या तोंडाने द्यायला तयार नव्हता.

आपल्यातही हनन्या आहेत. 'या वर्षी तुझं सगळं मार्गी लागणार, मला प्रभूने दाखवलंय,' असं ते अगदी मायेने सांगतात. वर्ष सरतं, काही मार्गी लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की देवाने शब्द फिरवला. देवाने तो शब्द दिलेलाच नसतो. तुझी जी आशा संपली असं तू लिहिलंस, तिच्यातला बराचसा भाग अशा दुसऱ्यांनी दिलेल्या मुदतींचा असावा, अशी मला शंका आहे. तो गेला तर जाऊ दे.

मग उरतं काय? त्यासाठी ३२वा अध्याय सावकाश वाच. यहूदाच्या सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. शहर पडणार हे यिर्मयानेच सांगितलेलं, आणि ते सांगितलं म्हणूनच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. (या हनमेलाच्या व्यवहारज्ञानाचं मला नेहमी कौतुक वाटतं. वेढ्यात जमीन विकायला काढायची, आणि गिऱ्हाईक गाठायचं ते कैदेतलं!) यिर्मया ते शेत घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहोर करतो. मोहोर केलेली आणि उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. कारण या भूमीत घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा परमेश्वराचा शब्द होता.

हे सगळं करताना यिर्मयाला उभारी वाटत होती, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट खत झाल्यावर तो जी प्रार्थना करतो तिचा शेवट तक्रारीसारखाच आहे: शहर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस! पुढे त्याला मिसर देशात (इजिप्तमध्ये) नेलं गेलं. ते शेत त्याने कधी कसलं, असा उल्लेख नाही. तेव्हा बाळा, आशा वाटत नसतानाही आशेने वागता येतं, आणि यिर्मयाकडे देवाने मागितलं ते हे वागणंच. प्रेषित पौलही रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा, असा क्रम लावतो. आशा तिथे शेवटी येते. सुरुवातीलाच ती गाठीला हवी, अशी अट नाही.

येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले ते दोघे शिष्य आठव. इस्राएलाची मुक्ती करणारा हाच, अशी आम्हाला आशा होती, असं ते उतरलेल्या चेहऱ्याने सांगतात, आणि सांगतात ते जिवंत झालेल्या प्रभूलाच. कबर सकाळीच रिकामी झालेली. त्यांच्या मनात आशा शिल्लक नव्हती म्हणून पुनरुत्थान थांबून राहिलं नाही. प्रभूने त्यांना मंदबुद्धीचे म्हटलं खरं, पण सोडून गेला नाही. आपण ज्यावर उभे आहोत ते हे आहे, सकाळी उठल्यावर मन कसं आहे त्यावर नाही.

आता थोडं रोजचं. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर १३वं स्तोत्र घे. 'कुठवर' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांतच पुन्हा पुन्हा येतो. तेही जड गेलं तर ८८वं वाच. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. मंडळीत ओढूनताणून हसू नकोस, एकाला तरी खरं सांग. जेवण आणि झोप सांभाळ. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि पुन्हा खाऊ घातलं. अन्न नकोसं होणं, झोप उडणं, जगणं नको वाटणं असं काही चालू असेल, तर पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि घरच्यांना सांग. तिथे जाण्याने विश्वास उणा होत नाही.

आणि एक खरेदीखत कर. देवाचा शब्द खरा असेल तरच ज्याला अर्थ आहे, असं एखादं लहानसं काम हाती घे. आजारी माणसाजवळ बसणं असो किंवा रविवारच्या शाळेतला तो सोडलेला वर्ग पुन्हा घेणं असो. फळाचा हिशेब नंतर.

मंडळीतल्या भांडणाबद्दल वेगळं लिहीन. तोवर दोन्हीपैकी कोणत्याच बाजूच्या संदेशाला उत्तर पाठवू नकोस, निदान रात्री दहानंतर तर नाहीच.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
तुझा काका