मोघम विचारशील तर मोघमच मिळेल

चि. पोरी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला. खासदारसाहेबांच्या नावाने लोकसभेत द्यायचा पहिलाच प्रश्न, तोही संरक्षण खात्याला, त्यामुळे बरीच खाडाखोड करून लिहिलेला दिसतोय. "सशस्त्र दलांतील जवानांच्या तक्रारींचे निवारण करण्यासाठी सरकार कोणती पावले उचलत आहे?" भाषा स्वच्छ आहे. पण याचं उत्तर मंत्र्यांच्या आधी मीच तुला कोल्हापुरात बसून सांगतो: "तिन्ही दलांत तक्रार निवारणाची भक्कम यंत्रणा अस्तित्वात असून तिचा वेळोवेळी आढावा घेण्यात येतो." झालं, मिटलं. उभी नोकरी मी पलटणीच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून काढली. वरून मोघम पत्र आलं की खालून मोघम उत्तर कसं जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा 'पावले' आधी काढून टाक आणि आकडे माग. सैन्य कायद्याच्या कलम २६ आणि २७ खाली गेल्या पाच वर्षांत, वर्षवार, किती तक्रारी आल्या? किती मान्य झाल्या, किती फेटाळल्या? सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ किती पडून आहेत? सशस्त्र दल न्यायाधिकरणाने (सैनिकांचे नोकरी-पेन्शनचे दावे ऐकणारं न्यायालय) जवानाच्या बाजूने दिलेल्या किती निकालांविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात गेलं आणि तिथे किती वेळा हरलं? एवढं पुरे. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे, आणि उत्तरात मावणार नाही इतका मोठा धोरणाचा विषय प्रश्नात घालता येत नाही, असा लोकसभेचा नियमच आहे. लोक त्याला बंधन म्हणतात, मला ती सोय वाटते.

तक्ते हवे असतील तर अतारांकित प्रश्न टाक, लेखी उत्तर मिळतं. मंत्र्यांना उभं करून उपप्रश्न विचारायचा असेल तर तारांकित, पण दिवसाला वीसच निवडले जातात आणि त्यातलेही थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. नोटीस किमान १५ दिवस आधी. आणि उत्तर आलं की "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल", तर प्रश्न वाया गेला म्हणून फाइल बंद करू नकोस. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि त्याचा हिशेब ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती आहे. एका वहीत तारीख टाकून ठेव. तीन महिने झाले की पत्र लिही.

"राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी माहिती उघड करता येत नाही" असंही कधी येईल. तोफा कुठे तैनात आहेत हे विचारलंस तर ते यायलाच हवं. पण अपंगत्व पेन्शनचे किती अर्ज अडकलेत, यात शत्रूला उपयोगी असं काय आहे?

आता हे सगळं संसदेनेच का विचारायचं, तर जवानाला विचारता येत नाही म्हणून. घटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला अधिकार दिलाय की सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे ते तिने ठरवावं. त्यातून कायदा झाला, नियम झाले. जवानाला संघटना काढता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिता येत नाही, राजकीय सभेत जाऊन बसता येत नाही. शिस्तीसाठी हे लागतंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्या संसदेने त्याचं तोंड बांधलं, तिने त्याच्या वतीने बोलायचंही नाही, हा कुठला न्याय?

त्याच्यापाशी वाट आहे ती कलम २६ ची. अन्याय झाला असं वाटलं तर कंपनी कमांडरकडे जा, त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर त्याच्या वरच्याकडे, मग आणखी वर. चांगला सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख, असला तर दरबारातच, म्हणजे जवानांसोबतच्या समोरासमोरच्या बैठकीतच, अर्ध्या गोष्टी मिटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण जी गोष्ट सीओच्या हातातच नाही तिचं काय?

एक कागद दाखवतो. आजऱ्याकडचा एक हवालदार निवृत्त होऊन माझ्याकडे आला, हातात मेडिकल बोर्डाची प्रत. भरती होताना सगळे रकाने "फिट". निवृत्तीच्या बोर्डात उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभर. त्याखालचा रकाना: आजार सेवेमुळे झाला का? नाही. सेवेमुळे वाढला का? नाही. कारण? "शांतता क्षेत्रात उद्भवला." म्हणजे रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तेव्हा पोरगा मैदानी छावणीत होता, एवढंच. त्याआधी तो बर्फात किती राहिला, हे त्या रकान्यात मावलंच नाही. आणि या एका ओळीवर अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं धरून चालायचं आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. निकाल लागल्यावरही तीच ओळ लिहिली जात होती.

एका हवालदाराच्या कागदावर ही ओळ असली तर ती त्याची तक्रार. वेगवेगळ्या पलटणींच्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या माणसांच्या कागदांवर शब्द न बदलता तीच ओळ दिसू लागली, की समज वर कुठेतरी धोरण ठरलंय. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणांत सरकारने अपिलांवर अपिलं करत बसू नये, असं त्या समितीनेही सांगितलं. तुझ्या प्रश्नात मी "किती वेळा हरलं" घातलंय ते उगाच नाही.

न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ च्या ऑगस्टात. आपल्याला जवळचं खंडपीठ मुंबईचं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात आलं, त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं ते तुला ठाऊक आहे. माजी सैनिक मात्र अजून मुंबईचीच एसटी धरतो. सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या खासदाराने न्यायाधिकरणाचं फिरतं खंडपीठ मागायला हरकत नसावी. हा तुझा दुसरा प्रश्न.

पत्रात तू एक भीती लिहिली आहेस, की असे प्रश्न विचारले तर सैन्यावर शंका घेतल्यासारखं दिसेल. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्याच जिल्ह्यातले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ साली त्यांनी लिहून दिलं की नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चीन कसा येईल आणि त्याला कुठे अडवावं लागेल. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल. पुढे नेहरूंनी त्यांना विचारलं की हा कागद मला का दाखवला नाही, असं थोरातांनी स्वतः लिहून ठेवलंय. जो पंतप्रधानांपर्यंत पोचला नाही तो संसदेपर्यंत कुठला पोचणार? सैन्यावर विश्वास ठेवायचा तर सैन्यातला जाणता माणूस काय सांगतोय हे विचारावं लागतं, आणि ते विचारणारा तेव्हा बाहेर कुणीच नव्हता.

आणि युद्ध चालू असताना? ८ नोव्हेंबर १९६२ ला संसद बसली. दारं बंद करून बसू ही सूचना नेहरूंनी मानली नाही. युद्ध अजून संपलं नव्हतं आणि सभागृहात १६५ सदस्य उघडपणे बोलले, सरकारला नको नको ते ऐकवलं. मग आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत निवेदन केलं: प्रशिक्षणात, साधनसामग्रीत, हुकुमाच्या साखळीत कुठे कमी पडलो. त्या पराभवाच्या चौकशीचा मूळ हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. यशवंतरावांविषयी मला आदर आहे. तरी इतक्या वर्षांनी तो कपाटात कशाला, हे विचारायला कुणाची भीती?

खासदारसाहेब संरक्षणाच्या स्थायी समितीवर आहेत हे तुझं नशीब. खरं काम तिथे होतं. या समित्या १९९३ पासून आहेत: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०, मंत्री कुणी नाही, बैठका बंद दाराआड. कॅमेरा नसला की माणसं शहाण्यासारखं बोलतात, असं माझं मत आहे. २०२५-२६ चं संरक्षणाचं अंदाजपत्रक सुमारे ६.८१ लाख कोटींचं, त्यात पेन्शनच १.६१ लाख कोटींच्या घरात. सभागृहात वेळ संपला की खात्याच्या मागण्या चर्चेविना गिलोटिनखाली एका दमात मंजूर होतात. ओळन् ओळ वाचणारी जागा म्हणजे ही समिती.

मार्च २०१८ चा अहवाल काढून वाच. निवृत्त मेजर जनरल खंडुरी अध्यक्ष होते. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं की ६८ टक्के सामग्री जुन्या जमान्यातली आहे, आणि आधुनिकीकरणाला मिळालेले २१,३३८ कोटी आधीच कबूल केलेल्या २९,०३३ कोटींच्या देण्यांनासुद्धा पुरत नाहीत. गणवेशातल्या माणसाने हे मैदानात बोललं असतं तर शिस्तभंग झाला असता. समितीपुढे बोलला आणि अहवालात छापलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्ष बदलले. त्यावर मी काही लिहीत नाही.

अहवालापेक्षाही 'कार्यवाही अहवाल' महत्त्वाचे. समितीने शिफारस केली की सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तरांची छाननी नव्या अहवालात येते. त्यातली पहिली पानं सोड, शेवटची दोन प्रकरणं आधी उघड: एकात समितीने न मानलेली उत्तरं, दुसऱ्यात अजून अंतिम उत्तर न आलेल्या शिफारशी. उपप्रश्नांचं तयार भांडार आहे ते. २०२४ साली समितीने सांगितलं की कर्तव्यावर मरण आलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना नियमित जवानाच्या घरच्यांइतकेच लाभ मिळावेत. गडहिंग्लज, कागल, चंदगडच्या पोरांनी चार वर्षांसाठी सही केलेली आहे. त्या शिफारशीचं उत्तर कुठल्या प्रकरणात पडलंय ते आधी शोध.

याचिका समितीही विसरू नकोस. 'वन रँक वन पेन्शन'साठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखीच पेन्शन मिळावी म्हणून, माजी सैनिकांनी जंतरमंतर गाठलं ते सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, डिसेंबर २०११ मध्ये ती मागणी रास्त ठरवून अहवाल दिला होता. (हेच पुढे आपले राज्यपाल. त्या काळातल्या आठवणी वेगळ्या, पण हे काम त्यांनी चोख केलं.) सरकारी आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ ला.

बाहेरच्या देशांचंही थोडं वाच, भाषणात घालायला नको, नुसतं माहीत असू दे. जर्मनीने १९५६ सालीच घटनेत संसदेचा सैन्य आयुक्त घातला. तिथला शिपाई वरिष्ठांना न विचारता थेट त्याला पत्र लिहितो. ब्रिटनमध्ये डीपकट छावणीत १९९५ ते २००२ या काळात चार कोवळी पोरं गोळी लागून मेली. आईबापांनी पाठ सोडली नाही, २००५ मध्ये तिथल्या संसदेच्या संरक्षण समितीने स्वतंत्र तक्रार यंत्रणा मागितली, २००८ ला आयुक्त आला, २०१६ ला लोकपाल, आणि २०२५ मध्ये आणखी अधिकार असलेल्या नव्या आयुक्ताचा कायदा. आपल्याकडे असं पद नाही. खासगी विधेयक आणता येईल, पण ते पास होईल अशी आशा लावून बसू नकोस.

राहिलं तुझ्या ऑफिसात येणाऱ्या माणसांचं. निवृत्त जवान आला तर आधी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मेडिकल बोर्डाची प्रत आणि शेवटचं आलेलं पत्र माग, चहा नंतर. तक्रार देऊन सहा महिने झाले आणि उत्तर नाही, तर न्यायाधिकरणाचं दार उघडं आहे हे त्याला सांग. तिथेही मुदत असते, तीही सांग. नोकरीत असलेल्या जवानाची आई किंवा बायको आली तर ऐकून घे, पण त्याचं नाव, नंबर, पलटण प्रश्नात येऊ देऊ नकोस. बाहेरून वजन आणलं म्हणून ते त्याच्यावरच शेकतं. त्याची गोष्ट आकड्यांत विचार.

सगळ्यात जास्त येतील ते बदली आणि रजेसाठी. न्यायाधिकरणाला त्या विषयात हात घालता येत नाही, म्हणून लोक खासदारांकडे येतात. बदलीची चिठ्ठी देऊ नकोस, साहेबांनाही देऊ देऊ नकोस, कितीही जवळचं माणूस असलं तरी. त्या चिठ्ठीने एक जण घराजवळ येतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी वर सीमेवर जावं लागतं, आणि त्याची आई तुझ्या ऑफिसात आलेली नसते.

तुझा,
काका