कचऱ्याची खोली चुकवू नका

क्रूझ जहाजावरच्या ‘पडद्यामागच्या’ टूरबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देत आहेत एक निवृत्त मरीन इंजिनिअर. प्रवासी जहाजांच्या इंजिन रूममध्ये त्यांची नोकरी झाली आणि टूरवर येणाऱ्या पाहुण्यांना माहिती देण्याचं कामही अधूनमधून त्यांच्या गळ्यात पडत असे.

प्रश्न : आम्ही दोघांनी क्रूझवर वेगळे पैसे भरून ही टूर घेतली. तीन तासांतला निम्मा वेळ लाँड्री, भाजीची कोठारं आणि चक्क कचऱ्याच्या खोलीत गेला. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, मात्र जेमतेम दहा मिनिटं! आम्हाला फसवल्यासारखं वाटलं. तक्रार करावी का? – एक निवृत्त प्राध्यापक

उत्तर : सर, नका करू. जहाजातली सगळ्यात बघण्यासारखी खोली तुम्हाला दाखवली आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे होतं.

भर समुद्रात ब्रिजवर असतं काय? दोन-तीन माणसं, रडार, नकाशाचे पडदे आणि शांतता. जहाज आखलेल्या मार्गावर ऑटोपायलटवर चाललेलं असतं. अधिकाऱ्याचं मुख्य काम काचेतून बाहेर बघत राहण्याचं, आणि त्यात तुम्ही मागे उभं राहून प्रश्न विचारावेत अशी त्याची मुळीच इच्छा नसते. खरी धावपळ असते ती बंदरात शिरताना, अरुंद पाण्यातून जाताना. तेव्हा तुम्हाला तिथे पाऊल ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्या रात्री ब्रिजवर कामाशी काही संबंध नसलेली माणसंही हजर होती. त्याच वर्षी क्रूझ कंपन्यांच्या संघटनेनं ठरवलं की जहाज अवघड पाण्यात असताना ब्रिजवर फक्त कामाची माणसं असतील. तुमची दहा मिनिटं मला तर जास्तच वाटतात.

आता कचरा. जमिनीवर कचऱ्याची गाडी येते आणि आपल्यापुरता विषय संपतो. जहाजावर गाडी येत नाही. हजारो माणसं आठवडाभर खातात, पितात, फेकतात, आणि ते सगळं खालच्या डेकवरच्या एका खोलीत येऊन पडतं. तिथे हातमोजे घातलेली माणसं प्रत्येक पिशवी उघडतात. काच वेगळी, डबे वेगळे, पुठ्ठा वेगळा, बॅटऱ्या वेगळ्या. डबे दाबून त्यांचे चौकोनी ठोकळे करतात, काच फोडून पिंपात भरतात, जाळण्यासारखं असेल ते इन्सिनरेटरमध्ये जातं. उरलेलं अन्न पल्परमध्ये दळलं जातं. त्यात चमचे-काटे सापडतात, म्हणून तेही आधी वेचावे लागतात. कुणी ताटात प्लास्टिकची पुडी कोंबून ठेवली असेल तर तीही कुणाला तरी हातानं काढावी लागते.

एवढी मेहनत कशासाठी? मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या पाचव्या परिशिष्टात कचऱ्याचे नियम आहेत आणि १ जानेवारी २०१३ पासून ते फारच कडक झाले. प्लास्टिक समुद्रात टाकायचं नाही, कुठेही नाही. अन्न टाकायचं तर २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक दळून, किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैलांवर, तेही जहाज चालू असताना. न दळता टाकायचं तर १२ मैल. भूमध्य, बाल्टिक, कॅरिबियन यांसारख्या खास जपलेल्या समुद्रांत दळलेलं अन्नही १२ मैलांच्या आत चालत नाही. स्वयंपाकाचं तेल तर कुठेच ओतायचं नाही. काय टाकलं, काय जाळलं, काय बंदरात उतरवलं, ते सगळं गार्बेज रेकॉर्ड बुकात तारीख, वेळ आणि जहाजाच्या जागेसकट लिहायचं. प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची सही आणि भरलेल्या पानाखाली कॅप्टनची. एरवी कागदांवर चालता चालता सह्या करणारे कॅप्टन या वहीसमोर खुर्ची ओढून बसताना आणि ओळ न् ओळ वाचताना मी पाहिले आहेत. बंदरातला इन्स्पेक्टर ही वही मागणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

लाँड्रीबद्दलही तुमची नाराजी दिसते. चादरी इस्त्री करून घडी घालणारं यंत्र सगळेच बघतात. पुढच्या वेळी ड्रायरच्या बाजूला लटकवलेला कागद बघा. लिंट कधी साफ केला, कोणी केला, त्याची वेळ तिथे लिहिलेली असते. कपड्यांतून सुटणारा तो पिंजलेला कापूस साठून राहिला आणि तापला तर पेट घेतो. जहाजावर आगीइतकी दुसऱ्या कशाचीच भीती नसते, त्यामुळे आम्ही इंजिनवाले लाँड्रीकडे जरा संशयानंच बघतो.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टूरमध्ये प्रत्यक्ष इंजिन दाखवतात का? कंट्रोल रूममध्ये गेलो तर काय विचारू? – एक विद्यार्थी

उत्तर : बहुतेक वेळा इंजिनपाशी नेत नाहीत. २००४ च्या जुलैपासून जहाजांच्या सुरक्षेसाठी आयएसपीएस नियमावली लागू झाली, तेव्हापासून इंजिन रूम आणि ब्रिज या परवानगीशिवाय मज्जाव असलेल्या जागा आहेत. शिवाय आवाज! आंतरराष्ट्रीय नियमांत इंजिनांच्या जागेसाठी आवाजाची कमाल मर्यादा ११० डेसिबल आहे आणि कंट्रोल रूमसाठी ७५. कानावर मफ चढवून गाईडचं तू काय ऐकणार?

कंट्रोल रूममध्ये मला नेहमी एकच प्रश्न यायचा, ‘किती मायलेज देतं?’ तू तो विचारू नकोस. विचार की आत्ता किती जनरेटर चालू आहेत आणि त्यांतली किती वीज प्रोपेलरला जाते, किती ‘हॉटेल’ला, म्हणजे प्रवाशांच्या सोयींना. आजची बहुतेक मोठी क्रूझ जहाजं डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. इंजिनं थेट प्रोपेलर फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात आणि तीच वीज प्रोपेलरच्या मोटरला, दिव्यांना, गॅलीला (जहाजाच्या स्वयंपाकघराला), एसीला वाटली जाते. बंदरात नुसत्या उभ्या असलेल्या मोठ्या जहाजालाही कित्येक मेगावॅट लागतात, आणि हॉटेलच्या विजेत सगळ्यात खादाड असतो तो एसी. मागणी वाढली की आणखी एक जनरेटर सुरू होऊन जोडला जातो. तो क्षण पडद्यावर बघायला मिळाला तर तुझे पैसे वसूल.

दुसरा प्रश्न वेगाचा. लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर ताकद तिपटीहून जास्त लागते. म्हणून जवळच्या बंदराला जायचं असेल तर जहाज रात्रभर संथ चालतं. प्रवाशांना वाटतं, कॅप्टन त्यांना समुद्र दाखवतोय.

अनेक जहाजांवर प्रोपेलरची मोटर थेट पाण्याखालच्या पॉडमध्ये, म्हणजे जहाजाखाली लटकणाऱ्या कवचात असते आणि तो पॉड ३६० अंशांत फिरतो, त्यामुळे वेगळ्या सुकाणूची गरजच राहत नाही. क्रूझ जहाजावर अ‍ॅझिपॉड नावाचा असा पॉड पहिल्यांदा बसवला तो १९९८ मध्ये, कार्निव्हल इलेशनवर. आणि पाण्याबद्दल विचारायला विसरू नकोस. गोडं पाणी तयार करणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये हवेचा दाब कमी करून समुद्राचं पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळवतात, तेही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. थर्मोडायनॅमिक्सचा तो धडा तुला परत वाचावा लागणार नाही.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. झेपेल का? फोटो काढता येतात का? – एक आजी

उत्तर : आजी, बुक करतानाच जिन्यांबद्दल विचारा. स्टाफच्या भागातले जिने पोलादी आणि उभे असतात, आणि लिफ्ट मिळेलच असं नाही. पाय पूर्ण झाकणारे, रबरी तळाचे बूट घाला. चप्पल-सँडलवर असाल तर दारातूनच परत पाठवतील. कोठारांत कडक थंडी आणि लाँड्रीत उकाडा, तेव्हा अंगावर एक काढता-घालता येईल असं काहीतरी असू द्या. फोन बऱ्याच जहाजांवर आधीच काढून घेतात आणि हातातलं मेटल डिटेक्टर फिरवून तपासतातही. रागावू नका, सगळ्यांनाच तपासतात. एक मात्र कटाक्षानं पाळा : वॉटरटाइट दाराच्या हँडलला हात लावू नका आणि ते सरकत असताना त्यातून जाऊ नका. मध्ये कोण आहे हे त्या दाराला कळत नाही. ते पाणी अडवण्यासाठी केलेलं आहे, आणि त्यात माणसं चिरडली गेली आहेत.

प्रश्न : मी हॉटेलच्या हाऊसकीपिंगमध्ये काम केलं आहे. गट करून स्टाफच्या मेसमधून, कॉरिडॉरमधून त्यांच्याकडे बघत फिरायचं, हे मला पटत नाही. माणसं काय प्रदर्शनात मांडली आहेत? – एक वाचक

उत्तर : पटत नाही ते योग्यच आहे. मलाही त्या गटांतले काही लोक सहन व्हायचे नाहीत.

स्टाफचा मुख्य कॉरिडॉर जहाजाच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. अमेरिकेतल्या महामार्गावरून त्याला अनेक जहाजांवर आय-९५ म्हणतात, काही ब्रिटिश जहाजांवर बर्मा रोड. मालाच्या ट्रॉल्या, कपड्यांच्या गाड्या, नाटकाच्या वेशात पळणारी नर्तकी, झोपेतून उठून ड्युटीवर निघालेला वेल्डर, सगळे तिथूनच जातात. तुमचा गट मध्ये थांबला की त्या सगळ्यांची वाट अडते. तेव्हा भिंतीला चिकटून एका रांगेत चाला. मेसमध्ये कुणी जेवत असेल तर त्याच्या ताटात डोकावू नका. ‘घरची आठवण येते का हो?’ हा प्रश्न तर अजिबात नको. गाईड शेजारी उभा असताना तो बिचारा हसून ‘नाही’ म्हणणार, दुसरं काय करणार?

कामाबद्दल विचारा, माणूस खुलतो. मी पाहिलंय, गॅलीतल्या एका भांडी धुणाऱ्या मुलाला एका बाईंनी विचारलं की समुद्र खवळल्यावर प्लेटांचे थर कसे लावता. तो पाच मिनिटं बोलत होता, आणि आम्हा अधिकाऱ्यांनाही ते सगळं माहीत नव्हतं. कोठारवाल्याला विचारा की आठवडाभर पुरायला केळी कच्ची-पिकी कशी निवडून घेतो. गॅलीत विचारा की गरम पदार्थ किती अंशांवर ठेवता. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तपासणी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम १९७५ पासून करतो. त्यांच्या हिशेबात थंड अन्न ५ अंशांच्या वर जायचं नाही आणि गरम अन्न ५७ अंशांच्या खाली यायचं नाही. तपासणी न सांगता येते. शंभरपैकी ८६ गुण म्हणजे पास, ८५ म्हणजे नापास. त्या आकड्यासाठी गॅलीतल्या माणसांची झोप उडालेली असते, आणि त्याबद्दल त्यांना सांगायला आवडतं.

तुम्ही त्या क्षेत्रातल्या आहात म्हणून एक जागा सांगतो. स्टाफच्या भागात भिंतीवर कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचा तक्ता लावणं बंधनकारक आहे. हा नियम मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. करार २००६ चा, अमलात आला २० ऑगस्ट २०१३ ला. विश्रांती २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात किमान ७७. रोजच्या विश्रांतीचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि त्यातला एक सलग ६ तासांचा हवा. आठवड्याच्या १६८ तासांतून ७७ वजा करून बघा, काम किती होतं ते. तो तक्ता वाचलात तर गाईडचं ‘आमचं हे एक कुटुंब आहे’ हे भाषण ऐकायला तुम्हाला वेगळीच मजा येईल.

प्रश्न : जहाजावर शवागार आणि तुरुंग असतो म्हणतात. खरं का? – उत्सुक

उत्तर : दोन्ही खरं. शवागार म्हणजे मोजके थंड कप्पे, बहुधा खालच्या डेकवर. तुरुंग म्हणजे कुलूपबंद खोली, तिला ‘ब्रिग’ म्हणतात. साधारणपणे दोन्ही टूरमध्ये नसतात. आग्रह धरू नका.

प्रश्न : आम्ही उशिरा विचारलं, टूर भरून गेली होती. आता काय? – एक कुटुंब

उत्तर : गट लहान असतो, जागा पटकन जातात. रद्द झालेल्या जागेसाठी नाव देऊन ठेवा, कारण समुद्रात दिवस सुरू झाला की कुणाला ना कुणाला मळमळतंच.

नाही मिळाली तर फुकटात बघण्यासारखंही पुष्कळ आहे. काही जहाजांवर ब्रिजच्या मागे काच असते, तिथून ब्रिज दिसतो. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, टाळू नका. कोस्टा कॉन्कॉर्डियानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ते जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावं लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांना पाठ करायला लावा.

आणि बंदरात शिरताना पहाटे उठून बाजूच्या रेलिंगशी उभे राहा. पायलटची, म्हणजे बंदराची वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराची, छोटी बोट येऊन जहाजाला चिकटते, पाण्याच्या जरा वर एक दार उघडतं आणि पायलट चालत्या बोटीतून शिडी धरून आत येतो. थोड्या वेळात पांढऱ्या-लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा वर चढतो, म्हणजे पायलट जहाजावर आहे. कोणत्या बाजूनं येणार ते आदल्या रात्री डेकवरच्या एखाद्या खलाशाला विचारून ठेवा, नाहीतर तुम्ही एका बाजूला आणि बोट दुसऱ्या बाजूला.