६/६ लिहिण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, शाळेतल्या डोळे-तपासणीत वर्गाच्या बाई एका मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या, "याचं अजिबात लक्ष नसतं, डोळे बघा जरा." तू तक्ता वाचून घेतलास, ६/६ आलं, म्हणजे दूरची नजर पूर्ण, कार्डावर 'नॉर्मल' लिहिलंस. बाई हिरमुसल्या आणि तुलाही काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. राहिलंच होतं.

माझ्याकडूनही राहिलं होतं. नोकरीत नवा होतो. तिसरीतला मुलगा, शाळेच्या व्हरांड्यात सहा मीटरवर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा तक्ता, एकही दिशा चुकला नाही. नॉर्मल! पुढच्या वर्षी तोच समोर आला, वर्गातला वांड म्हणून. या वेळी त्याच्याच दप्तरातलं मराठीचं पुस्तक वाचायला दिलं. पहिल्या दोन ओळी खणखणीत. तिसरीला डोळे चोळले, चौथीला बोट ठेवलं, पाचवी ओळ सुटलीच. मग पुस्तक मिटून अंगणातल्या शेळीकडे बघत बसला. डोळ्यांचा जोर थोडा वेळ सैल पाडणारे थेंब घालून रेटिनोस्कोपी केली, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढला, तर दोन्ही डोळ्यांना प्लस साडेतीन.

जरा हिशेब मांड. ३३ सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला नंबर नसलेल्या डोळ्याला ३ डायॉप्टरचा (भिंगाची ताकद मोजायचं माप) जोर लावावा लागतो. त्याला लागत होता साडेसहा, आणि फळ्याकडे बघतानाही साडेतीन. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यात दहाच्या वर डायॉप्टर शिल्लक असतात, म्हणून तक्त्यापुढची दोन मिनिटं तो आरामात मारून नेतो. आख्खा तास कसा नेणार? प्लस नंबर तक्त्याला चकवतो तो असा. पहिली-दुसरीच्या पुस्तकात अक्षरं मोठी असतात, तोवर भागतं. अक्षर बारीक झालं की तक्रारी सुरू होतात, आणि त्या आपल्याकडे येत नाहीत. वर्गशिक्षकांकडे जातात, 'चंचल' या नावाने.

दुसरी गोष्ट, पेनाचं टोक. नाकाच्या दिशेने हळूहळू आण आणि "दोन दिसले की सांग" म्हण. पण त्याच्या उत्तरावर विसंबू नकोस, बुबुळांकडे बघ. एक डोळा बाहेर सटकतो, तेव्हा टोक नाकापासून किती लांब आहे ते मोज. ६ सेंटिमीटर किंवा त्याहून लांबच सुटत असेल, तर डोळे जवळ वळवण्यातच कमतरता असावी. आणि एकदा करून थांबू नकोस. पहिल्या खेपेला जमतं, चौथ्या-पाचव्याला डोळे थकतात.

आता उलट बाजू, कारण तुझा उत्साह मला ठाऊक आहे. डोळे वळवण्याची ही कमतरता असलेल्या मुलांत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, प्रमाण साधारण तिप्पट आढळल्याचा अभ्यास २००५ साली अमेरिकेत आला. त्यावरून 'डोळे सुधारा, लक्ष आपोआप लागेल' अशी दुकानदारी करणारेही निघाले. अभ्यास एवढंच सांगतो की दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. एकीमुळे दुसरी होते, हे त्यातून निघत नाही. २००८ च्या मोठ्या चाचणीत दवाखान्यात करून घेतलेल्या १२ आठवड्यांच्या व्यायामाने डोळ्यांची ती कमतरता सुधारली. पण २०१९ मध्ये वाचून समजण्यात फरक पडतो का हे तपासलं, तेव्हा खोट्या व्यायामाच्या गटापेक्षा काही वेगळं निघालं नाही. तेव्हा आईला 'मार्क वाढतील' असं चुकूनही बोलू नकोस.

विचारायचं ते एवढंच: पुस्तक उघडल्यावरच वळवळतो, की जेवताना, खेळात पाळी यायची वाट बघताना, पाहुण्यांत, सगळीकडेच? एडीएचडी म्हणायला लक्षणं एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. तशी असतील तर बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दे, पण चष्म्याचा नंबरही काढ. दोन्ही दुखणी एकाच पोरात असू शकतात. "मोबाइल तर तासन्‌तास बघतो" हे घरचे सांगतीलच. त्यावरून डोळ्यांबद्दल काही ठरवू नकोस. हलत्या चित्राला ओळ धरून ठेवावी लागत नाही.

माझ्या त्या मुलाची वळवळ चष्म्याने सगळी गेली नाही. वाचताना डोळे चोळणं मात्र थांबलं.

तुझ्या त्या मुलाला परत बोलाव. डॉक्टरांना विचारून थेंब घाल, आणि आईला आधीच सांग, दिवस-दोन दिवस जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे दिपतील, गृहपाठाला बसवू नका. कार्डावरचं 'नॉर्मल' खोडून 'दूरची नजर ६/६, जवळची तपासायची आहे' असं लिही. खाडाखोड दिसली तर दिसू दे.

तुझे सर