तालुक्याच्या गावी ओपन सोर्स एम्बेडेडवाल्यांचा मेळावा भरवला तर कोणी येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याकडं गावातच राहून फर्मवेअर (यंत्राच्या आतल्या चिपमध्ये बसणारा कोड) लिहिता, ओपन सोर्स एम्बेडेडवाल्यांचे, म्हणजे असा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्यांचे मेळावे पुण्या-बंगळूरला होतात, तिथं जाणं परवडत नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी भरवला तर येईल कोण, आणि आले तर करायचं काय?

येतील. फक्त शहरातल्या मेळाव्याची नक्कल करू नका, नाहीतर एकदा येतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत. प्रोजेक्टर लावून एकामागून एक भाषणं, मग समोसा, मग ग्रुप फोटो, यासाठी कोणी एसटीचे धक्के खात नाही. भाषणं घरबसल्या यूट्यूबवर ऐकता येतात. घरी नसतो तो ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र), आणि त्याहून नसतो तो आपला कोड पाहून "हे इथं फसणार" असं तोंडावर सांगणारा माणूस. माणसं येतात ती त्यासाठी. म्हणून खुर्च्या कमी, टेबलं जास्त.

आणि टेबलावर आपल्या भागातलं काहीतरी हवं. एलईडी लुकलुकवणं पहिल्या अर्ध्या तासापुरतं ठीक. आम्ही आर्वीकडं काही जण मिळून जे बसतो, त्यात मधोमध असतो पंपाचा स्टार्टर. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे डबे बाजारात ढीगभर मिळतात, पण आतलं फर्मवेअर बंद. कंपनीनं ॲप गुंडाळलं की चांगला डबा भंगारात. तोच डबा ईएसपी३२ ही स्वस्त चिप आणि तिच्यावर चालणारी फ्रीआरटीओएस ही खुली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन आपण बांधला तर निदान तो उघडून पाहता येतो, आणि पुढचा माणूस सुधारू शकतो. ओपन सोर्स कशाला, हे गावात याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण मेळावा कशासाठी ते त्यातून कळतं. पॉलिटेक्निकच्या एका मुलानं ऑटो-स्टार्टचा कोड आणला होता. लाईन आली की एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे ऑटो, म्हणजे मोटर आपोआप सुरू करणारे स्टार्टर, एकदम पडतात, प्रत्येक मोटर सुरू होताना चालू करंटच्या कैक पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि कधी डीपीच जातो. म्हणून त्यानं प्रत्येक डबा काही सेकंद थांबेल अशी सोय केली होती, किती थांबायचं ते रँडम. विचार अगदी बरोबर. पण त्यानं सी भाषेतलं साधं 'रँड' फंक्शन वापरलं होतं आणि सीड, म्हणजे रँडम आकडे काढायला लागणारा सुरुवातीचा आकडा, दिलंच नव्हतं. सीड नसलं की ते दर वेळी तीच आकड्यांची ओळ देतं. म्हणजे शंभर डबे बसवा, शंभरही डबे तेवढेच सेकंद थांबून पुन्हा एकदमच पडणार! टेबलावर एकच बोर्ड असेल तर हा दोष कधीच दिसत नाही. शेजारी बसलेल्या मुलीनं आपल्या बोर्डावर तोच कोड चढवला, दोन्हीकडं रिसेट दाबलं आणि दोन्ही रिले (बोर्डानं चालू-बंद होणारे स्विच) एका क्षणी वाजले. मग सीड प्रत्येक चिपच्या मॅक ॲड्रेसवरून (चिपच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) काढायचं ठरलं, कारण तो दोन चिपांचा सारखा नसतो.

तिथंच मोटर रिवाइंडिंगवाले एक काका बसले होते. त्यांना कोडशी देणंघेणं नाही. ते म्हणाले, "हे ठीक हाय भाऊ, पन एक फेज गेला त तुमचं डबडं काय करते?" उत्तर कोणाकडंच नव्हतं. सिंगल फेजिंगनं, म्हणजे तीनातला एक फेज जाऊन जळालेल्या मोटरींवरच त्यांचं दुकान चालतं, हे त्यांनीच हसत सांगितलं. त्यानंतरचा सगळा वेळ तिन्ही फेज ओळखण्याच्या सर्किटवर गेला, ठरवलेला विषय राहिला बाजूला. राहू द्यावा.

तर कोणाला बोलवायचं: आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचे निदेशक, रिवाइंडिंगवाले, मोबाईल दुरुस्तीवाले (बारीक सोल्डरिंग यांच्यासारखं कोणाला जमत नाही), पॉलिटेक्निकची मुलं, आणि तुमच्यासारखे घरून काम करणारे. शेवटचा गट वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, फक्त एकमेकांना माहीत नसतो. एक अट मात्र कडक ठेवा: ४१५ व्होल्ट टेबलावर नको. रिलेच्या पुढं १२ व्होल्टचा बल्ब लावा, खरा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) फक्त इलेक्ट्रिशियननं हाताळायचा.

ज्यांच्याकडं बोर्ड नाही त्यांनाही रिकामं बसवू नका. झेफर हा आरटीओएस (फ्रीआरटीओएससारखीच छोट्या चिपांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ पासून आहे, आणि त्याचे नमुने क्यूएमूवर, म्हणजे बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, नुसत्या लॅपटॉपवर चालतात. फक्त टूलचेन (कोडवरून चिपसाठीची फाइल बनवणारी साधनं) आणि सोर्स मिळून काही जीबी होतात, तेव्हा ते आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. दहा जणांनी एका हॉटस्पॉटवर डाउनलोड लावलं की दुपार तिथंच संपली समजा. यूएसबी केबलही तपासून ठेवा; निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघतात आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तर बहुधा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये नसतो. स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे चालू-बंद सिग्नल टिपणारा) आणि ते पाहायचा पल्सव्ह्यू प्रोग्राम एवढ्यावर पुष्कळ निभतं.

शिवारात जिथं मोबाईलची रेंज नाही तिथं लोराचा, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत निरोप पाठवणाऱ्या रेडिओचा विषय हमखास निघतो. मॉड्यूल ८६८ मेगाहर्ट्झचं म्हणून विकलं जातं, पण आपल्याकडं विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा, म्हणजे ८६८ च्या खालचा आहे. फ्रीक्वेन्सी कोडमध्ये बदलून घ्यायची, हे पहिल्याच दिवशी सांगा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दर बैठकीतून काहीतरी बाहेर गेलं पाहिजे. नाहीतर आपण नुसते ओपन सोर्स वापरणारे. मोठा ड्रायव्हर लिहायची गरज नाही. एखाद्या सेन्सरच्या नमुन्यातली चूक, कागदपत्रातली राहून गेलेली पायरी, एवढंही चालतं. झेफरला पॅच (कोडमधली दुरुस्ती) देताना कमिटवर, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीवर, स्वतःच्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते. ती कशाची हमी आहे (हा कोड द्यायचा मला हक्क आहे याची) हे एकदा नीट समजावून द्या, मुलं ती न वाचता चिकटवतात. एक पॅच सगळ्यांनी मिळून, एका पडद्यावर, पाठवण्यापर्यंत न्यायचा. पॅच तपासणाऱ्याची टीका आली की पोरं घाबरतात, तेव्हा ती पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून सोडवायची.

वेळ अकरा ते चार. शेवटची गाडी चुकेल ही धास्ती असली की माणूस तीनपासूनच घड्याळ बघतो. मे महिना सोडा, ४५ अंशात पत्र्याखाली सोल्डरिंग होत नाही. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या ऐन दिवसांतही अर्धी मंडळी शेतात असतात; संक्रांतीनंतरचे दिवस बरे. जागा आयटीआयमध्ये मागून बघा, नाही जमलं तर ग्रामपंचायतीचं सभागृह, पण इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा.

तारीख ठरली की इथंच खाली लिहा. लॉजिक ॲनालायझर आणि तपासलेल्या केबली मी घेऊन येतो, फेज गेल्याचं ओळखणारं सर्किटही आणतो. तुमच्याकडचा एखादा रिवाइंडिंगवाला तेवढा आधीच गाठून ठेवा.